लिंकमधला नंबर 'एन्कोड' करणे म्हणजे नेमकं काय?

नेरूळकर: वाशीच्या ऑफिसातल्या सॉफ्टफोनवर (कॉम्प्युटरवरून फोन लावायचं ॲप) मीटिंगची लिंक दाबली की नंबर लागतो, पिनही जातो, पण शेवटचा हॅश (#) काही जात नाही आणि पलीकडची बाई "पिन टाकून हॅश दाबा" करत बसते. डेव्हलपर म्हणतो एन्कोड कर. कोशात बघितलं तर 'सांकेतिक भाषेत लिहिणे', आता नंबर लपवून मला काय मिळणारे?

नौपाडा_ठाणे: लपवायचं काही नाही हो, इथे अर्थ वेगळा. लिंकमध्ये काही चिन्हांना आधीपासून कामं वाटून दिलेली असतात, हॅश दिसला की लिंक वाचणारा प्रोग्राम समजतो मूळ पत्ता इथे संपला, पुढचं पानातल्या जागेचं नाव. म्हणून हॅशच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि २३ लिहायचं. आस्की म्हणजे चिन्हांना दिलेल्या नंबरांचा ठरलेला तक्ता, त्यात हॅशचा नंबर ३५, सोळाच्या पायात मांडला की २३, बस एवढंच. याला पर्सेंट एन्कोडिंग म्हणतात, बोलताना लोक 'एस्केप कर' पण म्हणतात आणि मला तोच शब्द नेमका वाटतो, चिन्हाची त्याच्या नेमून दिलेल्या कामातून सुटका.

नेरूळकर: मग प्लस पण एस्केप करू का? +९१ २२ मधला?

नौपाडा_ठाणे: अजिबात नको. टेल लिंकचे (फोन नंबर लावणाऱ्या लिंकचे) नियम २००४ च्या आरएफसी ३९६६ या इंटरनेटच्या नियमपत्रकात आहेत, त्यात प्लस म्हणजे देशाच्या कोडसकट पूर्ण नंबर, तो तसाच राहू द्या. फक्त ०२२ चं शून्य काढा (आपल्याकडे निम्मे बोर्ड +९१ ०२२ छापतात, काय बोलणार). स्पेस नको, डॅश चालतो. आकडे इंग्रजीच, देवनागरी २२ लिहिलंत तर नियमात बसत नाही. पण हाच नंबर वेबलिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतरच्या भागात पाठवत असाल तर तिथे प्लसचा स्पेस होतो, मग मात्र प्लसच्या जागी टक्का २बी लिहावं लागतं.

कळवा_पूर्व: सिप (इंटरनेटवरून कॉल लावायची पद्धत) पत्त्यात पण सेम, ॲटच्या आधी प्लस आणि स्टार चालतात, हॅश एस्केप. आणि आयफोनचं वेगळंच, ॲपलच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की लिंकमध्ये स्टार किंवा हॅश असेल तर फोन ॲप नंबर लावायलाच जात नाही, कुणी लिंकमधून गुपचूप कॉल फॉरवर्डिंग चालू करू नये म्हणून.

नेरूळकर: ऑफिसात सगळे डेस्कटॉपवरूनच लावतात, तिथे टक्का २३ टाकला, पिन घेतला एकदाचा. मोबाइलवाल्यांसाठी पिन लिंकशेजारी लिहून ठेवतो.