मदत हवी आहे: खारातल्या कैऱ्यांसाठी कोणतं मीठ घेता?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दरवर्षी मोठ्या बरणीत कैऱ्या खारवतात. पावसाळ्यात गरम पेज आणि शेजारी खारातली कैरी, एवढ्यावर घर खूश असतं. पूर्वी गावाहून मिठागरातलं करडं खडेमीठ यायचं, आता ते बंद झालंय. गेल्या वर्षी बारीक मीठ वापरलं, तर पाणी चौथ्या दिवसापासूनच गढूळ दिसायला लागलं. कैरीची चव बिघडली नव्हती, पण आईला तो खार काही पसंत पडला नाही.

बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जे घालतात ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे खार गढुळतो, एवढं कळलं. २००६ पासून खाण्याचं मीठ आयोडीनयुक्तच विकायचा नियम आहे, म्हणून मिठागरावरून थेट आणावं की नाही याबद्दल मन साशंक आहे.

आयोडीनयुक्त खडेमीठ पाकिटात मिळतं, ते कुणी खारासाठी वापरलंय का? कैऱ्या वर्षभर कडक राहिल्या का? आणि प्रमाण काय घेता? आजी मिठाच्या पाण्यात कच्चा बटाटा सोडायची, तो तरंगला की खार झाला. मला वजनात हवंय, एक लिटर पाण्याला किती ग्रॅम? पाणी उकळून, गार करून, गाळून घेतोच.

सैंधव सुचवू नका, एवढ्या मोठ्या बरणीला ते परवडत नाही. वेंगुर्ला-शिरोड्याकडच्या लोकांनी जरूर सांगा, तुमच्याकडे अजून कोणतं मीठ घालतात? कैऱ्या शनिवारी येताहेत.