रोटॅक्स ५८२ : ई-२० पेट्रोल, थंडीत चढलेला ईजीटी आणि काळ्या मातीसाठी मोठी चाकं

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. घरी बांधलेलं दोन सीटचं, अॅल्युमिनियम नळ्या आणि डॅक्रॉन कापडाचं विमान आहे. इंजिन रोटॅक्स ५८२ (दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक), दोन बिंग ५४ कार्ब्युरेटर, ५०:१ प्रीमिक्स (पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल), सी गिअरबॉक्स. कार्ब्युरेटरची जेट (पेट्रोल सोडणारं भोक) आणि सुई कंपनीच्या सेटिंगवरच, मेन जेट १६५. पेट्रोल पंपावरचं, म्हणजे ई-२० (२० टक्के इथेनॉल).

मे महिन्यात ५४०० आरपीएमला ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) ५९०-६०० अंश असायचा. आता सकाळी हवा १०-१२ अंश असते, तेव्हा ५२०० ते ५६०० मध्ये दोन्ही सिलिंडर ६४०-६५० दाखवतात. मागचा पुढच्यापेक्षा १०-१५ ने जास्त. फुल थ्रॉटलला ६२०. सरळ उड्डाणात फुल थ्रॉटल ६६५० आरपीएम मिळतात. कूलंट ७० च्या आसपास.

सोबत दोन प्रश्न. पेट्रोलची पारदर्शक नळी पिवळी पडून कडक झालीय आणि फिल्टरमध्ये तपकिरी चिकट काहीतरी येतंय. टाकी फायबरग्लासची आहे. दुसरं, धावपट्टी काळ्या मातीची, वर मुरूम पातळच. छोटी चाकं रुततात. ८.०० बाय ६ चे टायर बसवायचेत. सरळ बसवता येतील का?

---

जेट_आणि_सुई (जळगाव)

भाऊ, ६५० ही ५८२ ची कमाल मर्यादा आहे, रोजची जागा नव्हे. हे निस्तरेपर्यंत उडू नका.

इंजिन थंडीत बिघडलेलं नाही. ते मे महिन्यातही लीनच (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालत होतं, आपल्याकडच्या उन्हाने ते झाकलं होतं. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-२० चा हिशेब १३.५ च्या आसपास येतो. जेट तेच ठेवलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मिश्रण ७-८ टक्के लीन होतं, ई-१० च्या तुलनेत ३-४ टक्के.

आता हवा बघा. आपण समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. ४४ अंशांना घनतेच्या हिशेबाने इंजिन सव्वाचार हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. डिसेंबरच्या सकाळपेक्षा हवा १० टक्के विरळ. कार्ब्युरेटरमधलं मिश्रण घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, म्हणून मे मध्ये ते ५ ते ६ टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं. ई-२० ने जे काढून घेतलं ते उन्हाने जवळपास परत दिलं. थंडी पडली आणि उधारी बंद झाली.

उपाय करताना एक गल्लत हमखास होते : ईजीटी वाढला की लोक मेन जेट मोठा करतात. तुमची तक्रार ५२०० ते ५६०० मध्ये आहे. तिथे थ्रॉटल अर्धा-पाऊण उघडा असतो आणि मिश्रण ठरवते सुई. मेन जेटचा हात फक्त शेवटच्या पाव भागात. त्यामुळे क्रम असा ठेवा.

आधी प्रॉप, म्हणजे प्रोपेलर. सरळ उड्डाणात ६६५० म्हणजे प्रॉप हलका लागलाय. हलक्या लोडवर मधल्या रेंजमध्ये टू-स्ट्रोकचा ईजीटी चढतोच, कारण तेवढ्याच आरपीएमला थ्रॉटल कमी उघडावा लागतो. पिच (पात्यांचा कोन) अर्ध्या अंशाने वाढवा, सगळ्या पात्यांना एकाच गेजने, आणि ६५०० च्या आसपास आणा. ५८२ ची कमाल शक्ती ६५०० लाच आहे, त्यामुळे चढाईत तोटा होत नाही. अनेकदा निम्मं दुखणं इथेच जातं.

मग सुई. तिच्यावरची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, म्हणजे रिच. दोन्ही कार्ब्युरेटरमध्ये सारखंच. सुई बाहेर काढलीच आहे तर तिची कड आणि नीडल जेटचं भोक भिंगाखाली बघा. भोक झिजून अंडाकृती झालं की मिश्रण रिच होतं, आणि ते झाकायला आधी कुणी क्लिप वर चढवून ठेवली असेल तर तुमचा सगळा हिशेब उलटा पडेल. मॅन्युअलमधल्या खाचेशी ताडून बघा.

मेन जेट शेवटी. बिंगचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १६५ वरून १६८ केला की क्षेत्रफळ पावणेचार टक्के वाढतं, १७० ला ६ टक्के. फुल थ्रॉटलला तुम्ही ६२० वर, म्हणजे नेहमीच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला आहात. थंडीसाठी १६८ लावून बघा, लागलाच तर १७०. मार्च संपला की परत १६५, नाहीतर उन्हात इंजिन फोर-स्ट्रोकसारखं अडखळेल आणि प्लग काळे होतील. मॅन्युअलमध्ये उंची आणि तापमानानुसार मेन जेटचं कोष्टक असतं, पण ते साध्या पेट्रोलचं. ई-२० साठी त्यात ही भर घालून वाचा.

एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर नवे प्लग (बी८ईएस, गॅप ०.५ मिमी), शेपूट ट्रॅक्टरच्या हुकाला बांधून अर्धा मिनिट फुल थ्रॉटल आणि तिथेच दोन्ही इग्निशन बंद. नुसत्या ब्रेकवर हे करू नका. प्लगचं पोर्सेलीन फिकट तपकिरी हवं. पांढरं पडून त्यावर बारीक चकाकते कण दिसले तर तो पिस्टनचा अॅल्युमिनियम आहे : काम थांबवा, एक्झॉस्ट काढा, पिस्टन बघा.

एक राहिलं. ‘सुरक्षिततेसाठी’ ऑइल वाढवू नका. प्रीमिक्समध्ये ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण आणखी लीन होतं. ५ लिटरला १०० मिली, बस.

---

खान्देशी_स्पॅनर (धुळे)

वरचं सगळं बरोबर, पण प्रॉपला हात लावायच्या आधी मीटर खरं बोलतंय का ते बघा, भो.

ईजीटीचा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा प्रोब) दोन टोकांमधला फरक मोजतो. मीटरच्या बाजूच्या टोकाचं तापमान धरून दुरुस्ती करणारं मीटर असेल तर ठीक. स्वस्तातल्या काटेवाल्या मीटरमध्ये ती सोय बहुधा नसते. पॅनेल मे मध्ये ४५ अंशांवर आणि आता १० अंशांवर, म्हणजे एक्झॉस्ट अगदी तेवढाच गरम असला तरी काटा ३५ अंश जास्त दाखवणार. तुमच्या ५० अंशांतले ३५ इथेच असू शकतात!

तपासायला मल्टिमीटर पुरतो. प्रोबच्या वायरी मीटरपासून सोडवून मिलिव्होल्ट मोजा, अर्थात जमिनीवर, विमान बांधून, माणूस प्रॉपपासून लांब. मल्टिमीटरच्या टोकापेक्षा ६०० अंश जास्त असेल तर साधारण २४.९ मिलिव्होल्ट, ६५० ला २७. त्यात त्या वेळचं हवेचं तापमान मिळवा, तो खरा ईजीटी. मागच्या-पुढच्या फरकासाठी दोन्ही प्रोब अदलाबदल करा. फरक प्रोबबरोबर फिरला तर दोष प्रोबचा. दोन्ही प्रोब पिस्टनपासून सारख्या अंतरावर, १०० मिमीवर, असायला हवेत. दोन सिलिंडरमध्ये २५ अंशांपर्यंत फरक चालतो, तुमचा त्यात बसतो.

तरीही मागच्या कार्ब्युरेटरचं रबर सॉकेट काढून उजेडात वाकवून बघा. क्लॅम्प जास्त आवळला की आतल्या कडेला केसासारख्या चिरा पडतात, वरून दिसत नाहीत. तिथून हवा ओढली की तो एकच सिलिंडर लीन होतो, आणि जेट बदलून ते कधीच भरून निघत नाही. सोबत दोन्ही थ्रॉटल केबल एकदमच उचलतात का ते पिस्टन-स्लाइडखाली बोट घालून बघा.

थंडीतली आणखी एक भीती ईजीटीवर दिसतच नाही. ५८२ पाण्याने थंड होतं. लांब उतरणीत थ्रॉटल बंद ठेवला की रेडिएटरमधलं पाणी गार होतं, आणि मग एकदम फुल थ्रॉटल दिला की ते गार पाणी सिलिंडरला आवळतं तर पिस्टन फुगतो. तिथेच जॅम. थर्मोस्टॅट आहे ना बघा, उतरताना मधूनमधून ३५००-४००० वर आणा, आणि उड्डाणाआधी दोन मिनिटं २०००, मग २५०० वर कूलंट ६५ येईपर्यंत थांबा.

---

केळीबाग (रावेर)

एवढा उपद्व्याप कशाला? पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवा, इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं. वरचं शुद्ध पेट्रोल काढून घ्या.

---

तापीवारा (शिरपूर)

केळीबाग भाऊ, हे मोजण्यापुरतं करा, भरण्यासाठी नको. ई-२० चा ऑक्टेन रॉन (ऑक्टेन मोजायची एक पद्धत) ९५ आहे तो इथेनॉल धरून. रिफायनरी मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचं ठेवते, कारण उरलेला आकडा इथेनॉल भरून काढतं. ते धुवून टाकलं की उरलेल्याचा ऑक्टेन किती ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि ५८२ ला किमान रॉन ९० लागतो. लीन मिश्रणापेक्षा नॉकिंग (पेट्रोल भलत्या वेळी भडकणं) पिस्टनला लवकर भोक पाडतं. वर त्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी उरतंच.

मोजायची रीत मात्र उत्तम. १०० मिलीची काचेची मापनळी, १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल (ऑइल न घातलेलं). हलवा, दहा मिनिटं ठेवा. पाण्याची रेघ २८ वर आली तर १८ मिली इथेनॉल, म्हणजे २० टक्के. रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. पंपावरची पाटी वाचून जेट निवडू नका, नळी बघून निवडा.

बोरीकाठ, आता तुमची टाकी. तपकिरी चिकट येतंय ते टाकीचं रेझिन आहे. जुनं पॉलिएस्टर रेझिन इथेनॉलने मऊ पडून विरघळतं. त्यातलं थोडं फिल्टरमध्ये अडकतं, बाकीचं पुढे जाऊन सुईवर आणि इनलेट व्हॉल्व्हवर राळेसारखं बसतं. आतून लेप देऊन भागवू नका, लेपच पापुद्र्याने सुटून आउटलेट बुजवतो. टाकी काढा. एचडीपीईची किंवा वेल्डिंग केलेली अॅल्युमिनियमची बसवा, तळाला पाणी काढायचा कॉक ठेवा. नवी टाकी बसली की कार्ब्युरेटर पूर्ण उघडून साफ करायचे. ते न करता जेटिंगचे प्रयोग केले तर तुम्ही राळेला जेट लावत बसाल.

पारदर्शक नळी पूर्ण काढा. कडक झालेली नळी बार्बवरून (ती जिथे खोचतो त्या खाचेरी तोंडावरून) पेट्रोल गळू देते, आणि त्याहून वाईट म्हणजे पंपाच्या ओढीला हवा आत घेते. आतून ६ मिमीची, ‘एसएई जे३० आर९’ छापलेली नळी घ्या. हातातला प्रायमर बल्ब असेल तर तोही बदला, आतल्या झडपा फुगून अडकतात. पल्स पंपाचे (क्रँककेसमधल्या दाबाच्या झटक्यांवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचे) पडदे दरवर्षी नवे, पंपाचं श्वासाचं भोक खाली, आणि क्रँककेसची पल्स नळी अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. कार्ब्युरेटरचे फ्लोट रात्रभर पेट्रोलमध्ये टाकून ठेवा, सकाळी दोन्ही सारखेच तरंगायला हवेत.

ऑइलचीही परीक्षा घ्या : अर्धा लिटर ई-२० मध्ये १० मिली ऑइल, काचेच्या बाटलीत, रात्रभर फ्रिजमध्ये. (घरच्यांना आधी सांगा, आणि झाकण घट्ट.) तळाला थर दिसला तर ते ऑइल या पेट्रोलला चालणार नाही. मिसळलेलं पेट्रोल टाकीत ठेवून आठवडेच्या आठवडे विमान उभं करू नका, पावसाळ्यात तर नाहीच. अर्ध्या रिकाम्या टाकीत इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि मर्यादा ओलांडली की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी, म्हणजे नेमका आउटलेटपाशी, वेगळा होतो.

एव्हगॅस (विमानांचं पेट्रोल) मिळत असेल तर इथेनॉलचा प्रश्नच नाही. इंडियन ऑइल २०२२ पासून बडोद्याजवळच्या गुजरात रिफायनरीत १०० एलएल हा एव्हगॅस बनवतं. मे मध्ये व्हेपर लॉकलाही (उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) ते बरं. पण त्यातलं शिसं रिंगांच्या खाचांत आणि प्लगवर बसतं. डीकार्बनिंग (साचलेली काजळी काढणं) ५० तासांची वाट न बघता आधी करा. आणि जेट पुन्हा मूळ सेटिंगवर!

---

बोरीकाठ (अमळनेर)

मीटर काटेवालंच शे. मल्टिमीटरने मोजलं : ५४०० ला २४.१ मिलिव्होल्ट, हवा १४ अंश. काटा त्याच वेळी ६३५ वर. चाकांचं कुणी सांगाल का?

---

जेट_आणि_सुई (जळगाव)

२४.१ म्हणजे साधारण ५८१ चा फरक, अधिक १४, म्हणजे ५९५. मीटर ४० ने वर बोलतंय. पण यावर निर्धास्त होऊ नका, जमिनीवरचा आकडा आहे. उड्डाणात प्रॉपवरचा भार हलका होतो आणि ईजीटी आणखी चढतो. दुरुस्ती करणारं मीटर बसवा, प्रॉप ६५०० वर आणा, आणि सुईला त्यानंतरच हात लावा.

---

रिवेट_३२ (नंदुरबार)

चाकं सरळ बसत नाहीत.

फक्त मागची दोन मोठी केली तर नाक खाली जातं, पंखाचा कोन कमी होतो आणि धावपट्टी जास्त लागते. नाकाचं चाकही त्याच प्रमाणात वाढवा किंवा फोर्कची उंची जुळवा. मोठ्या चाकाला तोच ब्रेक कमी धरतो : त्रिज्या दीडपट झाली तर जमिनीवरची पकड दोन तृतीयांश. अॅक्सलवर वाकवणारा जोरही वाढतो, कारण रुंद टायरसाठी चाकाची मध्यरेषा बाहेर सरकते. जुनी अॅक्सल तशीच वापरू नका, वेल्डजवळ चिरा डाय पेनिट्रंटने (चिरांत शिरणाऱ्या रंगाने) तपासा.

वजन. तिन्ही चाकं तीन काट्यांवर ठेवून पुन्हा तोला, विमान उड्डाणाच्या कोनात समतल करून. ‘पाच-सहा किलोच वाढले’ असं अंदाजाने लिहू नका. ते रिकाम्या वजनात जातात, म्हणजे तेवढं पेट्रोल किंवा माणूस कमी.

हवेचा दाब कमी ठेवा, १२ ते १५ पीएसआय. टायर आणि फोर्कमध्ये किमान दोन बोटं मोकळी जागा हवी. पहिल्या पावसानंतरची आपली माती टायरला थरावर थर चिकटते आणि फोर्कमध्ये ठासून चाकच अडवते. व्हील पँट (चाकांवरची आवरणं) असतील तर काढून ठेवा. पट्टीवर मुरुमाचा थर वाढवून रोलर फिरवणं हे टायरपेक्षा स्वस्त पडतं का, तेही एकदा बघा.

जेट बदलणं ही देखभाल, लँडिंग गिअर बदलणं हा मॉडिफिकेशन. परवान्याच्या कागदांत जी रचना आहे ती बदलणार असाल तर काम सुरू करण्याआधी डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) विचारा, नवीन वजनपत्रक आणि अॅक्सलचं रेखाचित्र जोडून.