तडितरक्षक असूनही टाकी पेटते कशी?

उरणकर: आमच्याकडे सॉल्व्हंटच्या (पेट घेणाऱ्या द्रवाच्या) टाक्या आहेत, शेजारी उंच तडितरक्षक. तरी परतीच्या पावसात गडगडलं की पोटात गोळा येतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईजवळच्या बुचर बेटावर वीज पडून डिझेलची टाकी पेटलीच ना?

जुना_सेफ्टीवाला: वीज टाकीवरच पडायला हवी असं नाही भाऊ. तरंगत्या छपराच्या टाकीत (छप्पर आतल्या द्रवावरच तरंगतं) सीलपाशी, म्हणजे छपराच्या कडेची फट बुजवणाऱ्या पट्टीपाशी, वाफ साठते. जवळ वीज पडली तरी छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये ठिणगी उडू शकते. त्यासाठी शंट पट्ट्या (छप्पर भिंतीला विजेसाठी जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असतात, पण भिंतीवर गंज नि मेणचट थर चढला की पट्टी नुसती टेकलेली. मग ठिणगी तिथेच! क्यूबात मातान्झासला ऑगस्ट २०२२ मध्ये एका टाकीवर वीज पडली, आगीत चार टाक्या गेल्या.

उरणकर: आमची छपरं तरंगती नाहीत, पक्की बसवलेली आहेत.

जुना_सेफ्टीवाला: मग व्हेंटवरचा (वाफ बाहेर जायच्या तोंडावरचा) फ्लेम अरेस्टर, म्हणजे ज्वाळा आत जाऊ न देणारा भाग, खोलून बघा. माप घ्यायच्या हॅचचं झाकण तर पोरं उघडंच टाकून चहाला जातात, आधी ते!

बदलापूरचा_पाहुणा: अर्थिंगचं रीडिंग पावसाळ्यातलं असेल तर धरू नका, ओल्या जमिनीत ते चांगलंच दिसतं. मे महिन्यात, जमीन कोरडीठाक असताना घ्या.