फोटोवरून फुलपाखराची जात सांगावी की नाही?

घाटवाट : स्पष्टच लिहितो. पंख मिटून बसलेल्या पिवळ्या फुलपाखराचा एकच फोटो, आणि खाली ‘कॉमन ग्रास यलो’ असं ठोकून दिलेलं. हे थांबायला हवं. आपल्याकडे युरेमाच्या (म्हणजे ग्रास यलो फुलपाखरांच्या गटाच्या) बऱ्याच जाती आहेत. त्या ओळखायची मुख्य खूण म्हणजे पंखांच्या वरच्या बाजूची काळी किनार, आणि ही मंडळी बसल्यावर पंख उघडतील तर शपथ! उरतात खालचे ठिपके. पुढच्या पंखाच्या सेलमध्ये (शिरांनी वेढलेल्या बंद भागात) दोन असले तर कॉमन, तीन असले तर थ्री-स्पॉट, एकच असला तर वन-स्पॉट. पुस्तकात झकास दिसतं. प्रत्यक्षात ठिपके कधी पुसट, कधी एकमेकांत मिसळलेले. खात्री नसेल तर ‘युरेमा’ लिहून गप्प बसावं.

टाकळा : म्हणजे नवख्यांनी फोटो काढूच नयेत का? नाव कळलं की माणूस पुढचं वाचतो. ‘युरेमा’वर कोण वाचणार?

रानमेवा : घाटवाट, सरसकट बोलताय. डॅनाइड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, तरी फोटोत ओळखता येते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायला एकच, तोही वरच्या कडेला. कॉमन रोझची नक्कल करणारी कॉमन मॉर्मनची मादी घ्या: रोझचं अंग लालभडक, हिचं काळं. नक्कल पक्ष्यांना फसवायला आहे हो, कॅमेऱ्याला नाही.

घाटवाट : ती सोपी उदाहरणं झाली. स्विफ्ट ही तपकिरी फुलपाखरं घ्या की! स्मॉल ब्रँडेड स्विफ्टच्या नराच्या पुढच्या पंखावर, वरच्या बाजूला, एक तिरकी रेघ असते. ती पंख मिटल्यावर दिसत नाही, मादीला तर नसतेच. कित्येकदा जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. आणि आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) फोटो टाकणाऱ्याने दिलेल्या नावाला आणखी एकाने री ओढली तरी नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, होऊ शकते. दोघंही अंदाजपंचे असले तर?

टाकळा : तर तिसरा येऊन खोडतो. फोटो आहे म्हणूनच खोडता येतं ना? नुसत्या वहीतल्या नोंदीचं काय करणार?

अंबोलीकर : भांडा खुशाल, पण फोटो तरी नीट काढा. ग्रास यलो पानावर बसलं की उन्हाच्या उलट बाजूने घ्या. पंख पातळ असतो, वरची काळी किनार आरपार दिसते. मादी अंडी घालत असेल तर थांबा: कॉमन एकेकटं अंडं घालते, थ्री-स्पॉट पुंजक्याने.

घाटवाट : हे पटलं. पण ज्यांनी उलट उन्हात काढलेला नाही, त्यांचं ‘युरेमा’च.

टाकळा : आणि कॉमन लिहिलं तर?

घाटवाट : खोडणार.