चढावर स्कूटर मरते, पेट्रोल कमी उतरतं. कॉक (टाकीचा पेट्रोलचा नळ), पाईप का कार्बोरेटर?

कापूसपट्टा
राजेहो, ११० सीसीची कार्बोरेटरवाली स्कूटर आहे, बीएस-४ (जुन्या प्रदूषण नियमातली), टाकी सीटखाली. गावात २०-२५ च्या स्पीडनं दिवसभर चालते. घाटंजी–पांढरकवडा रोडवर डबलसीट ५० च्या वर नेली का किलोमीटरभरात झटके मारते अन् बंद. सेल्फ खूप मारला का घेते, मग पुन्हा तेवढंच अंतर. टाकीचं झाकण ढिलं ठेवून पाहिलं, फरक नाही. प्लग नवा, एअर फिल्टर नवा. मिस्त्री म्हणते कार्बोरेटरच बदला. त्याच्या आधी काय काय पाहावं?

दहानंबरी पाना
कार्बोरेटरला अजून हात लावू नका भाऊ. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोक असतं तर गाडी पहिल्या शंभर मीटरपासूनच ओढली नसती. तुमची किलोमीटरभर नीट पळते, म्हणजे बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत) साठलेलं २०-३० मिली पेट्रोल संपतं अन् मागून तेवढं येत नाही. हिशोब करा: डबलसीट ६० च्या स्पीडला ४० चा मायलेज धरला तर तासाला दीड लिटर, म्हणजे मिनिटाला २५ मिली. सावकाश चालवताना याच्या निम्मंही लागत नाही, म्हणून गावात कळत नाही.

या गाड्यांना व्हॅक्यूम कॉक असतो. इंजिन फिरलं का बारीक पाईपातून ओढ बसते, कॉकातला रबरी पडदा उचलतो अन् पेट्रोल सुटतं. अशी तपासणी करा: इंजिन थंड, गाडी मोकळ्यात, जवळ बिडी-काडी नको. कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडा. आता कॉकाला जाणारा बारीक व्हॅक्यूम पाईप इंजिनकडून सोडवा अन् त्याला २० मिलीची सिरिंज लावून दट्ट्या ओढून धरा. तोंडानं ओढू नका, पडदा फाटका असला तर पेट्रोल थेट घशात. धार सलग पाहिजे, मिनिटात १०० मिली तरी सहज भरलं पाहिजे. दट्ट्या धरलेला असतानाच धार बारीक होत गेली तर कॉकाची टाकीतली गाळणीची जाळी चोक. दट्ट्याची ओढच टिकत नसेल तर पडदा गेला किंवा पाईप चिरला. सिरिंजमध्ये पेट्रोल आलं तर पडदा फाटला, नवा कॉकच घ्या. अन् दट्ट्या सोडल्यावरही गळत राहिलं तर कॉक बंद होत नाही, तेही चांगलं नाही.

गॅरेजवाला वऱ्हाडी
वरचं बरोबर, दोन गोष्टी माझ्या. गाडी बंद पडली का जागेवरच बाऊलचा ड्रेन स्क्रू उघडा. पेट्रोल चांगलं निघालं तर दोष पेट्रोलचा नाही, तापलेली कॉईल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) पाहा. कोरडं निघालं तर मग कॉकाकडं या.

दुसरं, चढावर थ्रॉटल (रेस) पूर्ण उघडला का व्हॅक्यूम कमी पडतो. पाईपाची टोकं कडक होऊन बारीक चिरली असतील तर नेमका तेव्हाच कॉक मिटतो. लांबी पुरत असेल तर टोकाचा सेंटिमीटरभर भाग कापून पुन्हा बसवा.

काही जण व्हॅक्यूम कॉक काढून साधा कॉक लावून देतात. चालतं, पण रात्री बंद करायचं विसरलं अन् फ्लोटची सुई (बाऊल भरला का पेट्रोल अडवणारी) नीट बसत नसली का पेट्रोल इंजिनात उतरतं. तसं केलं असेल तर डिपस्टिक काढून ऑईलचा वास घ्या.

कापूसपट्टा
ड्रेन जवळपास कोरडा. सिरिंज लावली, दट्ट्या मिनिटभर जागेवर राहिला. सुरुवातीला धार, मग थेंब थेंब, मिनिटात कप अर्धाही नाही. बाटली ठेवून दिली तर तळाला तांबूस गाळ अन् पाण्याची वेगळी रेघ दिसते.

दहानंबरी पाना
म्हणजे टाकीतली जाळी. किराणा दुकानातलं बाटलीचं पेट्रोल किंवा बरेच दिवस उभी गाडी, दोन्हीत हेच होतं. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं का इथेनॉल अन् पाणी मिळून वेगळं होऊन तळाशी बसतं, पत्र्याच्या टाकीला तिथूनच गंज लागतो.

सिरिंज लावूनच टाकी रिकामी करा, मग कॉक खोला. जाळी पेट्रोलमध्ये बुडवून मऊ ब्रशनं धुवा, सुई घालू नका, भोक पडलं का गाळ थेट जेटला. कॉकाची ओ-रिंग (रबरी कडी) नवीच टाका, जुनी फुगलेली असते अन् परत बसली तरी पाझरते. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल घालून हलवा, ओता, स्वच्छ निघेपर्यंत करा. टाकीतून गंजाचे पापुद्रे निघत असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, टाकी बदला.

बाऊलही खोला, पाणी तिथंही बसलेलं असणार. जेटला पंक्चरवाल्याकडची हवा मारा, पण आधी कार्बोरेटरच्या वरच्या झाकणाखालचा रबरी डायफ्राम (पडदा) काढून ठेवा, नाहीतर फाटेल.

काळी माती
जोडताना नळी कुठं वर उचललेली राहू देऊ नका, कॉकापासून कार्बोरेटरपर्यंत उतारच पाहिजे, नाहीतर हवा अडकते. मध्ये फिल्टर लावायचाच तर कार्बोरेटरच्या गाडीचा लावा, बाण पेट्रोल जातं त्या दिशेनं. पंपावर चालणाऱ्या गाडीचा दाट कागदाचा फिल्टर लावला तर पुन्हा हीच तक्रार घेऊन याल.

बीएस-६ इंजेक्शनच्या गाडीवर मात्र यातलं काही करू नका. तिथं टाकीत पंप असतो अन् नळीत सुमारे ३ बारचा दाब. चावी लावल्यावर पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकू येते का एवढंच पाहा, बाकी स्कॅनरवाल्याकडं.