नदालचं सौदी राजदूतपद: चाहत्याने वाईट वाटून घ्यायचं की नाही?

रामबाग_लेफ्टी
काल आपल्या इंदूरच्या टेनिसवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने टाकलं, "राफाने (राफाएल नदालने) सौदीचे पैसे घेतले तर तुमच्या पोटात का दुखतं, तो प्रोफेशनल आहे, साधू थोडीच आहे". तेव्हापासून डोकं सणकलंय. तिथे एवढं लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

पैशाचं मला काही नाही. नुसत्या बक्षिसांचे त्याचे १३ कोटी डॉलरच्या वर झालेत, जाहिरातींचे वेगळे, सगळे घाम गाळून कमावलेले. पण जानेवारी २०२४ मध्ये तो दुखापतीमुळे ऑस्ट्रेलियन ओपनच्या बाहेर होता, आपण सगळे तो परत कधी येतो म्हणून डोळे लावून बसलो होतो, आणि बातमी काय आली तर राफा सौदी टेनिस फेडरेशनचा अँबॅसिडर झाला, वर म्हणतो तिथे जिकडे बघावं तिकडे प्रगती दिसते. २०१८ मध्ये पत्रकार खशोगीला इस्तंबूलच्या सौदी कॉन्सुलेटमध्ये मारलं, त्याच वर्षी बायकांना गाडी चालवायची परवानगी दिली आणि ती मागणाऱ्यांपैकीच कितीतरी जणींना आत टाकलं. हे त्याला दिसलं नाही?

आमच्या घरी पोराने चिडून रॅकेट आपटली की त्याची आई फक्त एवढंच विचारायची, "राफा आपटतो का?" पोरगं गप. फोरहँड शिकवायला कोच आहेत, वागायचं कसं ते आम्ही त्याच्याकडे बोट दाखवून शिकवलं. २२ ग्रँड स्लॅम दुसराही कोणी जिंकेल, पण लोकांचा असा विश्वास सगळ्यांना मिळत नाही, आणि तोच त्याने भाड्याने दिला. दुसरा कोणी गेला असता तर मी बातमी वाचून पुढे गेलो असतो.

आणि "एवढे पैसे कोण सोडतं" असं कोणी म्हणू नका. पैसे नाही, आपण कप सोडलाय. १९७४ ची डेव्हिस कप, देशा-देशांच्या संघांची स्पर्धा. कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं, पुण्यात सोव्हिएत युनियनला हरवलं, फायनलला समोर दक्षिण आफ्रिका, आणि वर्णभेदाच्या विरोधात आपण खेळलोच नाही. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. नंतर १९८७ ला परत फायनल गाठली, पण कप आजपर्यंत आला नाही. तरीही त्या निर्णयाची मला लाज वाटत नाही, अभिमान वाटतो.

रेसकोर्स_रोड
तो मेसेज माझाच होता, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

माझा मेहुणा रियाधला सिव्हिल इंजिनिअर आहे. बहिणीचं सुदामा नगरचं घर, भाच्याची फी, माझ्या वडिलांचं बायपास, सगळं त्या पगारावर झालंय. आता मी त्याला फोन करून सांगू का, की खशोगीमुळे राजीनामा दे? आपण सगळे पेट्रोल भरतो ते कुठल्या विहिरीतलं आहे हे बघून भरतो का? सगळ्या जगाने धंदा करायचा आणि उपास फक्त राफाने धरायचा, हा कुठला न्याय.

१९७४ चं पण अर्धंच सांगितलंस. निर्णय खेळाडूंचा नव्हता, वरून आला. ज्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चान्स गेला ते आपण नव्हतो, त्यामुळे घरी बसून अभिमान बाळगणं सोपं आहे. आणि त्याच्या एक वर्ष आधी, १९७३ मध्ये, अमेरिकेचा आर्थर अ‍ॅश स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन खेळला. काळा माणूस, आधी व्हिसा नाकारलेला, स्टँडमध्ये काळे-गोरे वेगळे बसवायचे नाहीत ही अट घालून गेला आणि फायनलपर्यंत पोचला. त्याच्यावरही तेव्हा टीका झाली होती. मग अ‍ॅश चुकला का?

रामबाग_लेफ्टी
"अट घालून गेला" हे तूच लिहिलंस. राफाने कुठली अट घातली ते सांग, मी हा धागा बंद करतो. आणि मेहुण्याला मध्ये आणू नकोस, तो पूल-रस्ते बांधतो, सौदीच्या वतीने जगाला सर्टिफिकेट वाटत नाही.

मालवा_बेसलाइन
दादा, एवढं कडक नका होऊ. त्याची फाउंडेशन आपल्याच देशात, आंध्रात अनंतपूरला, २०१० पासून गरीब मुलांसाठी टेनिस आणि शिक्षणाचं सेंटर चालवते, तो स्वतः येऊन गेला होता. आपल्या किती टेनिसपटूंनी अनंतपूर नकाशात शोधलंय? तो मनाने वाईट नाही. चेन्नई २००८ आठवा. स्पेनच्याच मोयाशी सेमीफायनल जवळजवळ चार तास, तिन्ही सेट टायब्रेकला, आणि दुसऱ्या दिवशी फायनलला पाय उचलत नव्हते, रशियाच्या युझ्नीने ६-०, ६-१ ने धुतलं, तरी मॅच सोडली नाही की कारण सांगितलं नाही. हा आहे राफा.

बाप_कोर्टाबाहेर
पाय उचलत नसताना खेळला, वा, टाळ्या. माझा राग सौदीवर नाही, नेमका ह्यावर आहे.

माझी मुलगी १४ ची असताना नडगी दुखते म्हणत होती. कोच (नाव घेत नाही, क्लबचंही नाही) म्हणाला थोडं सहन करायला शिक, राफाने २०२२ ची फ्रेंच ओपन पायात इंजेक्शनं घेऊन जिंकली. मोबाइलवर क्लिप दाखवली तिला. ती लंगडत राज्याच्या स्पर्धेत खेळली. मग एमआरआय काढला तर स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, ताणाने हाडाला पडलेली चीर. अख्खा सीझन गेला, आणि आता ती रॅकेटला हात लावायला घाबरते. तुम्ही रियाधवर भांडा, माझ्या घरातलं नुकसान पॅरिसमधून आलंय.

फिजिओ_पलासिया
तुमच्या मुलीबद्दल फार वाईट वाटलं, पण दोन गोष्टींची गल्लत होऊन राहिली आहे. राफाच्या डाव्या पायाला म्युलर-वाइस आहे, मधल्या एका हाडाचा झिजत जाणारा आजार, २००५ पासून. पॅरिसमध्ये डॉक्टरांनी नस बधिर केली होती, तो तेव्हा ३६ वर्षांचा होता, धोका समजून उमजून घेत होता, आणि जिंकल्यावर स्वतःच म्हणाला की असं इंजेक्शनं घेऊन पुढे खेळणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीचं हाड अजून वाढत असतं, तिथे दुखणं ही धोक्याची सूचना असते. ती दाबायला सांगणारा कोच दोषी आहे. आणि त्याच वर्षी विम्बल्डनला पोटाचा स्नायू फाटल्यावर राफाने सेमीफायनल सोडून दिली, ती क्लिप कोणी दाखवत नाही.

बाप_कोर्टाबाहेर
सेमी सोडली, पण त्याच्या आधी क्वार्टरफायनलला फ्रिट्झशी पाच सेट कोण खेळलं? वडील आणि बहीण बॉक्समधून सोड सोड म्हणून खुणा करत होते. घरच्यांचं ऐकलं नाही, आणि जगाने त्याला वॉरिअर म्हटलं. मुलं तेच बघतात.

मालवा_बेसलाइन
काका, कोचचा राग राफावर काढताय. त्याने थोडीच सांगितलं होतं तुमच्या मुलीला लंगडत खेळायला. आणि तुम्हीही तर त्या स्पर्धेला सोबत गेला असाल ना?

बाप_कोर्टाबाहेर
हे बोलायच्या आधी तुला मूल होऊ दे. हो, गेलो होतो. कोचने घरी येऊन समजावलं होतं, आणि फीस आम्ही वर्षाची भरलेली होती. परत मला काका म्हणून शिकवू नकोस.

जुनी_इंदूरी
दोघं जरा थांबा. मुलीची गोष्ट निघालीच आहे तर मुलींचं बोलू. डब्ल्यूटीए फायनल्स, म्हणजे बायकांच्या टेनिसची वर्षअखेरची मोठी स्पर्धा, २०२४ पासून रियाधला गेली, दीड कोटी डॉलरच्या वर बक्षीस. जुन्या चॅम्पियन ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा दोघींनी मिळून जाहीर विरोध लिहिला, त्यांच्याही आधीची चॅम्पियन बिली जीन किंग म्हणाली गेल्याशिवाय बदल होत नाही. बायकांच्या हक्कासाठी आयुष्य घातलेल्या बायकांचंच एकमत नाही, तिथे आपण राफाला एका वाक्यात फासावर देऊ नये. मला स्वतःला मार्टिना पटते.

आणि रियाधचं सोडा, इथे आमच्या भागात संध्याकाळचे लाइटवाले स्लॉट मुलांना आणि मेंबरांच्या डबल्सला, मुलींना दुपारी चार. मे महिन्यात इंदूरचं चारचं ऊन काय असतं ठाऊक आहे ना? मी दोनदा लेखी दिलं, उत्तर नाही. मुलींना कोर्ट मिळावं म्हणून सौदीत जाणाऱ्यांनी आधी इकडेही बघावं.

रेसकोर्स_रोड
बरं, एवढं मान्य करतो. तिथे जाऊन मॅच खेळणं वेगळं आणि त्यांचा चेहरा होणं वेगळं, दुसरं मलाही जास्तच वाटलं. पण मग ऑक्टोबर २०२४ च्या रियाधच्या एक्झिबिशनला जोकोविच, अल्काराझ, सिनर, मेदवेदेव, रुने सगळे होते, जिंकणाऱ्याला ६० लाख डॉलर, त्यांच्यावर तू एक ओळ लिहिली नाहीस. नियम सगळ्यांना एक लाव.

रामबाग_लेफ्टी
त्यांच्यावर नाही लिहिलं, कारण त्यांच्याकडून माझी तेवढी अपेक्षाच नव्हती. हे अन्यायाचं वाटत असेल तर वाटू दे. ज्याला मी जास्त दिलं त्याच्याकडूनच मी जास्त मागणार. नोव्हेंबरमध्ये मालागाला तो डेव्हिस कपमध्ये शेवटचं खेळला, व्हान डी झांडस्खुल्पकडून हरला, मी पूर्ण मॅच बघितली आणि पुढची पंधरा वर्षंही त्याच्याच जुन्या मॅच बघणार. पण तो अँबॅसिडर आहे तोपर्यंत ह्या एका गोष्टीत मी त्याची बाजू घेणार नाही, कितीही अनंतपूर दाखवा. अनंतपूर खरं आहे आणि रियाधही खरं आहे.

बाप_कोर्टाबाहेर
फिजिओ ताई, का दादा, माहीत नाही. कोचचा दोष आहे म्हणालात, ते मान्य. पण क्लिप दाखवली नसती तर मुलगी ऐकली नसती, हेही तुम्ही मान्य करा. आणि एक सांगा, आता तिला कोर्टवर कधी न्यायचं?

फिजिओ_पलासिया
ताई. क्लिपचं मान्य, अर्धं. महिना मोजून कोर्टवर नेऊ नका. आधी चालताना आणि जिना चढताना अजिबात दुखायला नको, मग त्या एका पायावर उड्या मारून बघायच्या, तिथेही दुखलं नाही तर हळू जॉगिंग, सर्व्हिस सगळ्यात शेवटी. व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आणि तिची पाळी नियमित आहे का, पोटभर जेवते का हे तिच्या आईला विचारायला सांगा, ह्या वयाच्या खेळाडू मुलींत हाडं तिथूनच कमजोर होतात आणि कोच लोक हे कधीच विचारत नाहीत. जुना एमआरआय जपून ठेवा, डॉक्टरकडे जाताना घेऊन जा.