मर्यादित इंटरनेटवर छंद म्हणून गेम तयार करायचा असेल, तर आधी कोणती तयारी करावी?

खाडीपलीकडे

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका वाडीत राहतो. हापूसची कलमे हा घरचा व्यवसाय आहे आणि गेम तयार करणे हा गेल्या दोन वर्षांपासूनचा छंद आहे. आमचे घर उताराखाली असल्यामुळे मोबाइलची रेंज पडवीच्या एका कोपऱ्यापुरतीच येते. बऱ्यापैकी वेग हवा असेल तर लॉपटॉप घेऊन वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जावे लागते. रोजचा दीड जीबीचा पॅक आहे, पण घरी बसून त्यातला निम्माही वापरला जात नाही.

त्याहून मोठी अडचण हंगामाची आहे. मोहोर दिसू लागल्यापासून शेवटची पेटी रवाना होईपर्यंत मला सवड नसते. सवड मिळते ती मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर, आणि नेमक्या त्याच दिवसांत वीज आणि टॉवर या दोन्हींचा भरवसा नसतो. मागच्या वर्षी एका मोठ्या गेम इंजिनाचा (गेम तयार करण्याच्या सॉफ्टवेअरचा) इन्स्टॉलर तीन रात्री सड्यावर बसून उतरवला. दोनदा फाइल अर्ध्यावर तुटली. अखेर काम सुरू झाले, पण जुलैमध्ये आठ दिवस नेट नव्हते, लायसन्सची ऑनलाइन खातरजमा होऊ शकली नाही आणि माझाच प्रकल्प मला उघडता येईना.

मला करायचा आहे तो छोटा द्विमितीय खेळ आहे. खाडीवर तर (माणसांना पलीकडे नेणारी होडी) चालवणारा एक तांडेल, म्हणजे नावाडी, दोन्ही काठांवर वाट पाहणारी माणसे आणि भरती-ओहोटीप्रमाणे उघडा पडणारा चिखल, इतकाच त्याचा विस्तार आहे. लॉपटॉप जुना असून त्यात 4 जीबी रॅम आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मेअखेरीस कामानिमित्त एक दिवस रत्नागिरीत असेन व तिथे चांगले नेट मिळेल. त्या एका दिवसात काय काय उतरवून घ्यावे? भरतीच्या वेळा खेळात कशा आणाव्यात? आणि खेळ पूर्ण झालाच, तर तो लोकांपर्यंत कसा पोहोचवावा?

जांभादगड

मी दापोलीकडचा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात कित्येक दिवस वीज आणि फोन दोन्ही नव्हते. नेट गृहीत धरून कोणतेही काम आखायचे नाही, ही सवय मला तेव्हापासून लागली आहे.

आपल्या परिस्थितीत मी गोडो हे इंजिन सुचवेन. ते मुक्त स्रोत आहे, त्याला खाते, लॉगिन किंवा लायसन्सची खातरजमा लागत नाही, आणि त्याचा संपादक (एडिटर) शंभर एमबीच्या आतल्या एका झिप फाइलमध्ये येतो. ती फाइल उलगडली की काम सुरू करता येते. नवीन प्रकल्प उघडताना मात्र ‘कंपॅटिबिलिटी’ हा रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) निवडा, कारण उरलेल्या दोन पर्यायांना व्हल्कनसारखे नवे ग्राफिक्स तंत्र लागते आणि जुन्या लॉपटॉपवर ते बहुधा नसते.

यात एक खाचखळगा आहे. संपादक लहान असला, तरी तयार गेम फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर चालणाऱ्या रूपात काढण्यासाठी ‘एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स’ लागतात आणि ती फाइल सुमारे 1 जीबीची असते. ती संपादकाच्या नेमक्या त्याच आवृत्तीची असावी लागते. अनेक जण संपादक उतरवून निर्धास्त होतात आणि ऑगस्टमध्ये गेम बाहेर काढायची वेळ आली की हात चोळत बसतात. म्हणून दोन्ही फाइली एकाच दिवशी उतरवा आणि पुढचा संपूर्ण पावसाळा आवृत्ती बदलू नका. नव्या आवृत्तीत कितीही आकर्षक सोय आली तरी नाही. टेम्प्लेट्सची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून संपादकातील ‘फाइलमधून स्थापित करा’ या मार्गाने बसवता येते.

अँड्रॉइडसाठी ओपनजेडीके 17 (जावाची साधने) आणि अँड्रॉइड एसडीके (अँड्रॉइडवर अ‍ॅप तयार करण्याची साधने) स्वतंत्रपणे लागतात. त्यासाठी संपूर्ण अँड्रॉइड स्टुडिओ उतरवण्याची गरज नाही, एसडीकेची कमांड लाइन साधने पुरतात. मात्र प्ले स्टोअरला एएबी प्रकारची फाइल हवी असते, आणि गोडोमध्ये ती काढायची तर ग्रेडल या अँड्रॉइड फाइल बांधणाऱ्या साधनाचे बिल्ड चालू करावे लागते. ग्रेडल पहिल्यांदा चालवताना आपल्या गरजेच्या गोष्टी नेटवरून ओढून घेते. रत्नागिरीतच एक रिकामा प्रकल्प घेऊन ही पायरी एकदा पूर्ण करून ठेवा. फोनवर थेट बसवता येणारी नुसती एपीके फाइल मित्रांना द्यायची असेल, तर ग्रेडल लागत नाही.

माहितीसाठी गोडोचे अधिकृत दस्तऐवज नेटशिवाय वाचण्याजोगे एचटीएमएल आणि ईपब या दोन्ही रूपांत मिळतात. शिवाय प्रत्येक क्लासचा (गोडोतील तयार घटकाचा) संदर्भ संपादकातच असतो व एफ1 दाबले की उघडतो. प्रश्नोत्तरे हवी असतील तर किविक्स हा नेटशिवाय संकेतस्थळे दाखवणारा वाचक घ्या आणि त्यात गेम डेव्हलपमेंट स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाची झिम फाइल उघडा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तर संकेतस्थळाची फाइल अवाढव्य आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. चित्रांसाठी केनी या नावाने मिळणारे तयार चित्रांचे संच चांगले आहेत. ते सीसी0 (सर्व हक्क सोडून दिलेल्या) परवान्याखाली असल्यामुळे श्रेय देण्याचेही बंधन नसते.

फाइली ब्राउझरने उतरवण्याऐवजी एरिया-टू किंवा डब्ल्यूगेटसारखे साधन वापरा. जोडणी तुटली तर पुढच्या वेळी जिथे थांबले तिथूनच सुरू होते, आणि सड्यावरच्या रात्री वाया जात नाहीत.

सुरंगी

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु 4 जीबी रॅमवर मी स्वतः लव्ह हे लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणारे लहानसे चौकटसाधन (फ्रेमवर्क) वापरते. ते काही एमबींत येते आणि कोणत्याही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहिता येते. त्यात दृश्य संपादक नाही, सगळे कोडमध्येच मांडावे लागते. ज्यांना ते रुचत नाही त्यांनी गोडोकडेच जावे.

माझा मुख्य आग्रह गिटबद्दल, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाबद्दल, आहे. गिट म्हणजे नेटवरची साठवण, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक नोंद आपल्याच संगणकावर होते आणि नेट लागते ते फक्त ती नोंद दुसरीकडे पाठवताना. एका पेन ड्राइव्हवर ‘बेअर’ रिपॉझिटरी (फक्त नोंदींचा साठा) तयार करा आणि रोज रात्री तिच्यावर पुश करा, म्हणजे नव्या नोंदी तिथे पाठवा. आमच्याकडे वेंगुर्ल्याला पावसात लाइट जाते ती सांगून जात नाही, आणि बॅटरी संपलेल्या लॉपटॉपवर अर्धवट लिहिलेली फाइल कोरी झाल्याचे मी दोनदा पाहिले आहे. दुसऱ्याचा प्रकल्प अभ्यासासाठी घ्यायचा असेल, तर त्याचा संपूर्ण इतिहास न उतरवता खोली 1 ठेवून, म्हणजे फक्त शेवटच्या नोंदीची, क्लोन (नक्कल) करा. डेटा बराच वाचतो.

आवाज मात्र नेटवरून घेऊच नका. पत्र्यावरचा पाऊस, वल्ह्याचा पाण्यातला आवाज, काठावरून घातलेली हाक, हे सारे आपल्या दारात आहे आणि फोनवर ध्वनिमुद्रित होते. ती मुद्रणे ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात साफ करून पार्श्वभूमीचे लांब आवाज ऑग या दाबलेल्या फाइलप्रकारात साठवा. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वाव्ह फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी घेते, ऑग साधारण 1 एमबीत भागते. पुढे गेम अपलोड करताना हा फरक जाणवेल.

उधाण

गेममधले मला फारसे कळत नाही, भरतीचे कळते. त्यासाठी तक्ते उतरवायची गरज नाही. आपल्याकडे जुने गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, आणि साडेबारा तासांच्या आत-बाहेर पुन्हा भरती. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच लागू पडते. खाडीत आत गेल्यावर वेळ थोडी मागे पडते, तो फरक आपल्या काठावर उभे राहून पाहावा. खेळात पाण्याची उंचीही दाखवणार असाल, तर पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग (सर्वांत कमी चढ-उताराची भरती) ठेवा. उधाणाला पाणी जितके चढते तितकेच ओहोटीला दूर ओसरते, म्हणजे तांडेलाला खरा त्रास त्याच दिवशी होणार.

चाकरमानी

शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो. पहिले प्रकाशन इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर करावे, असे माझे मत आहे. तिथे शुल्क भरावे लागत नाही, आणि त्यांचे बटलर हे साधन पहिल्या खेपेनंतर फक्त बदललेला भाग वर पाठवते. सड्यावरून अपलोड करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

प्ले स्टोअरचे खाते एकदाच 25 डॉलर भरून उघडता येते. परंतु 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना, गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान 12 परीक्षक सलग 14 दिवस चाचणीत सहभागी असल्याचे दाखवावे लागते. वाडीत बसून बारा माणसे कुठून आणायची, असे वाटेल. गणपतीला आम्ही मुंबईहून येतोच की! आरती झाल्यावर माजघरात डझनभर फोन सहज जमतात, तेही वेगवेगळ्या किमतींचे आणि वयाचे. त्या वेळी एपीके क्विक शेअरने नेटशिवाय सर्वांना द्या आणि कोण कुठे अडखळतो ते मागे उभे राहून मुकाट्याने पाहा. प्ले स्टोअरच्या औपचारिक चाचणीसाठी त्यांचे ईमेल पत्ते तेव्हाच लिहून घ्या. गौरी-विसर्जनानंतर मंडळी परतली की त्यांचे चौदा दिवस मुंबईच्या नेटवर पूर्ण होतील. पहिल्याच आठवड्यात कुणी चाचणीतून बाहेर पडले तर मोजणी बिघडते, म्हणून बाराऐवजी सोळा-सतरा नावे धरा.

खाडीपलीकडे

सर्वांचे मनापासून आभार. रत्नागिरीची वाट न पाहता गोडोचा संपादक परवा सड्यावरूनच उतरवला आणि भरतीचे गणित लगेच लिहून पाहिले. टेम्प्लेट्स, एसडीके आणि ग्रेडलची पायरी मेअखेरीस करीन. पेन ड्राइव्हवरची रिपॉझिटरीही तयार आहे.

उधाण यांना एक शंका विचारायची आहे. चतुर्थीला माझ्या खेळात 3 वाजता भरती येते, ते बरोबर आहे. पण पंचमीलाही 3 वाजताच येते, आणि षष्ठी व सप्तमीला नेमके 4 आणि 5. धक्क्यावर प्रत्यक्ष पाहिले तर रोज पाऊण तासाने वेळ पुढे सरकते. मी सूत्र ‘तिथी गुणिले 3 भागिले 4’ असेच लिहिले आहे.

उधाण

सूत्र बरोबर आहे. पंचमीला पावणेचारच यायला हवेत. तुमचे यंत्र पाऊण तास कुठे टाकते, ते जाणकारांनी सांगावे.

जांभादगड

गोडोच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत दोन्ही संख्या पूर्णांक असतील, तर भागाकारही पूर्णांकच येतो आणि दशांशानंतरचा भाग गळतो. 15 भागिले 4 याचे उत्तर 3.75 न येता 3 येते. संपादकात त्या ओळीवर पिवळा इशाराही दिसत असेल. 4 च्या जागी 4.0 लिहा, पंचमीची भरती पावणेचारला येईल.